कार्मेनमातेच्या आधीचं पाणी

व्हिला पालोमा, काला मोरेना
२ जुलै १९७१

चि. लाली हिस,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की आम्ही मायलेकी सुखरूप पोचलो, आणि मी समुद्र पाहिला.

एवढं वाक्य लिहिलं आणि पेन हातात धरून किती वेळ नुसती बसले. शेवटच्या वळणावर बस डोंगराआडून बाहेर आली तेव्हा मला वाटलं, आभाळ खाली उतरलंय. मग कळलं की आभाळ आपल्या जागीच आहे, खालचं निळं वेगळं आहे. आपल्या सेर्रोब्लांकोच्या टेकडीवरून ऑलिव्हच्या बागा दिसतात ना, किती बघाव्या तितक्या? मी आजवर त्यालाच अफाट म्हणत होते. लाली, मला लाज वाटली बघ. बसमधला एक माणूस या वेळी खुशाल डुलक्या घेत होता. त्याला हलवून उठवावं असं मनात आलं होतं.

घर झकास आहे. पांढरंशुभ्र, गच्चीवर द्राक्षाचा मांडव, आणि पायऱ्या उतरल्या की थेट वाळू. मालकीणबाई डोन्या साग्रारियो किल्ल्या द्यायला आल्या होत्या. जुलैच्या उन्हात हातमोजे, गळ्याशी ब्रोच आणि नाक आकाशाला. ओल्या अंगानं खुर्च्यांवर बसायचं नाही, भिंतींना खिळे मारायचे नाहीत, मागच्या अंगणातल्या धुण्याच्या खोलीत आमचं सामान आहे तिकडं फिरकायचं नाही, अशी लांबलचक आज्ञावली ऐकवून म्हणाल्या, आम्ही उन्हाळाभर मालागाला बहिणीकडं असतो, गावात आमचा मुक्काम नसतो. तुझ्या भाषेत सांगायचं तर बाई कडक इस्त्रीची.

आता आईचं. तीन महिने अंथरुणाला खिळून उठली आणि पहिलं काय बोलली, तर मला मरायच्या आत एकदा समुद्र बघायचाय, त्याला दोन शब्द सुनवायचेत. आठवतं ना? आपला भाऊ इसिद्रो होडीवर गेला आणि परत आला नाही, तेव्हापासून सदतीस वर्षं जिनं घरात मासा शिजू दिला नाही, समुद्राचं नाव काढलं तर जेवणावरून उठायची, तिनं हे म्हणावं! म्हणून तर आपण हा सगळा खटाटोप केला. आणि बाईसाहेबांनी काय करावं? बस वळणावर आली तसे डोळे मिटून घेतले. घरी पोचल्यावर मी गच्चीत तिला छान खुर्ची टाकून दिली, समुद्राकडं तोंड करून. तिनं काठीनं खुर्ची ढकलून फिरवली आणि समुद्राकडं पाठ करून बसली. समोर काय, तर स्वयंपाकघराची खिडकी, मागचं अंगण आणि ती धुण्याची खोली. मी विचारलं तर म्हणाली, एवढी वर्षं त्यानं माझी वाट बघितली नाही, आता चार दिवस बघू दे.

तुझ्या पायाचं प्लास्टर जप. कोंबड्यांच्या शिडीवर पुन्हा चढू नकोस, एक पाय शिल्लक आहे. इकडून प्रेम आहेच, तिकडून पत्र येऊ दे.

तुझी,
ताई


सेर्रोब्लांको
५ जुलै १९७१

ती. ताईस,

लंगड्या लालीचा साष्टांग नमस्कार, कोपरापासूनच, कारण गुडघा वाकत नाही. वि. वि. तुझं पत्र पोस्टमननं खिडकीतून आत टाकलं आणि उघडायच्या आधी तिथंच विचारलं, समुद्र कसा आहे म्हणून. गावात दुसरा विषय नाही. पाववाली रोज विचारते, पाद्रीबाबांनी विचारलं, आणि आपल्या बारमधली टाळकी तर पैज लावून बसली आहेत की आजी समुद्राला शिव्या देणार की देणार नाही.

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. खालचं निळं वेगळं आहे इथपर्यंत आले. मग म्हातारा फेर्मीन म्हणाला, मी सैन्यात असताना पाहिलाय, पण सांगता आलं नाही म्हणून कधी बोललो नाही. असा तो जन्माचा बडबड्या!

ताई, खरं सांगू, मला तुझा हेवा वाटतो. चांगला वाटतो. सगळी जुळवाजुळव मी केली, जाहिरात मी शोधली, जुलैचा पहिला पंधरवडा स्वस्तात मी पटकावला (दुसरा पंधरवडा जवळजवळ दुप्पट होता, का कोण जाणे), आणि शिडीवरून मीच पडावं! आता निदान आईनं काय केलं, काय बोलली, सगळं बारीकसारीक लिहीत जा. तिनं त्याला सुनवायचे ते दोन शब्द सुनवले का? इसिद्रो गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला त्याचा चेहरा आठवत नाही, फक्त तो मासे तळायचा तो वास आठवतो. नदीतले बोटाएवढे मासे आणायचा आणि त्या मोठ्या कढईत स्वतः तळायचा. कढई अजून माळ्यावर आहे, पाहिलीस ना? आईनं तीही खाली येऊ दिली नाही.

तिला बळंबळं खुर्ची फिरवायला लावू नकोस. पण परत यायच्या आधी तिनं एकदा तरी पाण्याला हात लावायला हवा ताई. नाही तर ती ते दुःख तसंच छातीत घेऊन जाईल. एवढंच मागणं.

माया पातळ करू नकोस. आईला माझा मुका.

तुझी,
लाली


व्हिला पालोमा
८ जुलै १९७१

चि. लाली हिस,

अनेक आशीर्वाद. आधी तू कुठंतरी नीट टेकून बस, मग पुढचं वाच.

चौथ्या दिवशी आईनं खुर्ची फिरवली. मी आत भाजी चिरत होते. बाहेर आले तर ती समुद्राकडं तोंड करून बसलेली, दोन्ही हात काठीवर, आणि हनुवटी हातांवर. मी हाक मारली तर ऐकूच गेलं नाही. तासभर तशीच. जेवायला बोलावलं तर म्हणाली, याला कुंपण नाही गं कुठं. मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, मला वाटलं होतं, मोठं धरण असेल. सदतीस वर्षं मी एका धरणाशी भांडत होते, आणि हा तर हा आहे. मग म्हणाली, एवढ्यात माझा एक पोरगा कुठं शोधायचा.

मी नुसती तिच्या शेजारी बसले. संध्याकाळी सूर्य खाली जाताना पाण्याचा रंग किती वेळा बदलला ते मोजायला गेले आणि मोजणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी स्वारी खुशीत. परदेशी बाया वाळूत पालथ्या पडलेल्या बघून मला विचारते, इकडं कापड फार महाग झालंय का? मग म्हणाली, चल, पाय भिजवू. मी तिला धरून पायऱ्या उतरवतेय, तेवढ्यात शेजारची आरासेली आडवी आली. तिचा नवरा कोळी आहे. आपलं घर उन्हाळ्यासाठी भाड्यानं देऊन ती दोघं जाळी ठेवायच्या खोलीत राहतात. इथं बरीच घरं असं करतात. तर ही आरासेली हात पसरून म्हणाली, आजी, पाण्यात नका जाऊ, अजून कार्मेनमाता उतरली नाही. आईनं विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाली, सोळा जुलैला कोळी माणसं कार्मेनमातेची मूर्ती खांद्यावर घेऊन समुद्रात नेतात. तिनं पाणी पाहिलं की पाणी शांत. त्याच्या आधी आमच्यात कुणी अंघोळीला उतरत नाही. परदेशी लोक उतरतात, त्यांना काय, ते उन्हातसुद्धा झोपतात. पण आधीचं पाणी माणूस मागतं.

लाली, आईचा हात माझ्या हातात होता. तो एकदम गार पडला. ती जागीच थांबली आणि म्हणाली, इसिद्रो जूनमध्ये गेला. सेंट पीटरच्या सणाला होडी बुडाली. म्हणजे कार्मेनमातेच्या आधी. मग माझ्याकडं वळून म्हणाली, कुणी सांगितलं नाही गं त्याला. आपण डोंगरातली माणसं. मला ठाऊक असतं तर मी त्याला थोपवला नसता का?

सदतीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. वाळूत बसून लहान पोरीसारखी रडली. आरासेलीनं तिचं डोकं आपल्या कुशीत घेतलं. मी समुद्राकडं बघत उभी राहिले. आणि खरं सांगते, मला त्याची भीती वाटली नाही. एवढं सगळं होऊनही तो इतका देखणा कसा राहतो, याचंच नवल वाटलं.

आता मुद्द्याचं. आई म्हणते, सोळा तारखेला कार्मेनमाता उतरली की मी उतरेन, त्याच्या आधी एक बोट भिजवणार नाही. आणि आपलं घर कधीपर्यंत आहे? पंधरा तारखेच्या दुपारपर्यंत. दुसरा पंधरवडा दुप्पट का असतो ते कळलं ना आता?

एक गंमत राहिली. मी रात्री उरलेलं कालवण झाकून ठेवते, ते सकाळी निम्मं असतं. आईला विचारलं तर म्हणते, मांजर असेल. मांजर वाटी धुऊन पालथी ठेवतं का गं?

तुझ्यावर राग नाही. पण उपाय सुचव.

तुझी,
ताई


सेर्रोब्लांको
११ जुलै १९७१

ती. ताईस सा. न. वि. वि.

स्वस्तात मिळालं म्हणून मी गावभर मिरवले गं! घोड्यावर उलटी बसून बाजाराला निघाले मी. किनाऱ्यावरच्या कुठल्याही शेंबड्या पोरानं सांगितलं असतं.

पाद्रीबाबांकडं शेजारच्या पोराला पाठवून विचारलं, की समुद्राचं बादलीभर पाणी काढून तिथल्या पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला तर चालेल का. त्यांनी निरोप पाठवला की शास्त्राप्रमाणं चालेल, पण तुमच्या आईला, डोन्या ब्रिखिदांना, विचारायची हिंमत मला नाही. तू विचार.

नाही तर मालकिणीच्या पाया पड. एकच दिवस, ताई. म्हणावं, स्वयंपाकघरात जमिनीवर झोपतो. माझं नाव सांग, सगळा दोष माझ्यावर टाक. आई तशीच परत आली आणि पुन्हा आजारी पडली तर मी हे कुणाला सांगू?

कार्मेनमातेपुढं मेणबत्ती लावली आहे. तुझा लोभ मला आज जरा जास्तच हवाय.

लाली


व्हिला पालोमा
१४ जुलै १९७१

चि. लाली हिस आशीर्वाद.

बादलीचं विचारलं. आई म्हणाली, देवाची आई बादलीसाठी डोंगर उतरून येते का? लालीला सांग, पायाबरोबर डोक्यालाही प्लास्टर घाल.

काल आरासेलीकडून निरोप धाडला तर डोन्या साग्रारियो आल्या. मालागा काही दोन पावलांवर नाही, पण बाई तासाभरात हजर! तेच हातमोजे, तोच ब्रोच. मी सगळं सांगितलं. इसिद्रोचंही सांगितलं, रडलेसुद्धा. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, बिल्बाओचं कुटुंब पंधराला संध्याकाळी येतंय, त्यांना शब्द दिलाय, माझा नाइलाज आहे. गावातही एक खोली रिकामी नाही. सणाला माणसं गाढवांच्या गोठ्यातसुद्धा झोपतात म्हणे. मी फार चिडले. मनात म्हटलं, या बाईला आई नव्हती काय. पण जाताना दाराशी त्या थांबल्या आणि आईकडं एकदा बघितलं. आईनंही बघितलं. मला उगाच वाटलं की या दोघींची जुनी ओळख आहे.

आता ट्रंक बांधून झाली. उद्या दुपारची बस. मीच रडकुंडीला आलेय आणि आई काय करत असेल? हरभऱ्याचं आणि पालकाचं कालवण! म्हटलं, आपण निघणार, एवढं कुणाला? तर म्हणाली, तू कालथा चालव, तोंड चालवू नकोस. आणि म्हणाली, उद्या कुठं जायचं ते माझं मी बघते.

ती आता गच्चीत बसलीय. खाली लोक वाळूवर वाट झाडताहेत, होड्यांना कागदी फुलं बांधताहेत. आई समुद्राकडं अशी बघते की मला तिथून हलवत नाही. मी तिला ओढून बसमध्ये कशी बसवू गं?

तुझी,
ताई


धुण्याची खोली, व्हिला पालोमाच्या मागं
१७ जुलै १९७१

चि. लाली हिला आईचे पोटभर आशीर्वाद.

हे अक्षर बघून घाबरू नकोस. मी जिवंत आहे. तुझ्या ताईला, कासिल्दाला, लिहायला बसवलं होतं, पण ती रडते आणि कागद भिजतो. म्हणून मी सांगतेय आणि डोन्या साग्रारियो लिहिताहेत. शाळेत नन्सकडं शिकल्यात, तेव्हा चुका निघाल्या तर त्या माझ्या.

तुझी ताई समुद्र बघत होती. मी पाठ करून बसले होते, म्हणून मला दुसरंच दिसलं. पहिल्याच सकाळी मागच्या खोलीच्या धुराड्यातून कॉफीचा वास आला. सामानाला कॉफी लागते का? मग दाराची फट दिसली, मग एक हात दिसला, हातमोजा नसलेला, साबणानं फुटलेला. मला कळायचं ते कळलं. बाई मालागाला कुठली जाते! भाड्यावर वर्ष काढायचं, म्हणून स्वतःचं घर आम्हाला देऊन स्वतः धुण्याच्या खोलीत राहते, आणि कुणाला कळू नये म्हणून दिवसभर दार लावून बसते. मी कालवणाची वाटी अंगणातल्या कठड्यावर ठेवायला लागले. एकदा वाटी रिकामी आली नाही, तीत तळलेले मासे होते. मी ते मांजराला घातले. त्या इथं लिहिता लिहिता म्हणताहेत की मला दिसलं होतं. दिसू दे.

पंधराला कासिल्दा ट्रंक घेऊन बसकडं निघाली आणि मी काठी टेकत मागं वळले. दार वाजवलं. म्हटलं, बाई, उघड, कालवण गरम आहे. मग कडी निघाली. हातमोजे नाहीत, ब्रोच नाही, डोळे लाल. मला म्हणाल्या, मी तुम्हाला नाही म्हटलं, कारण इथं आणलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, मी आठ पोरं जन्माला घातली, माझ्यापुढं काय उघडं पडायचंय. आणि आत जाऊन खाटेवर बसले. खाट मला, इस्त्रीचं मेज त्यांना, आणि कासिल्दा धुण्याच्या दगडी हौदात. तिला सर्दी झालीय. वर बिल्बाओची माणसं, ही शिंकली की आम्ही दोघी तिच्या तोंडावर उशी दाबतो. लाली, इतकं हसणं माझ्या अंगात शिल्लक होतं हे मला ठाऊक नव्हतं.

काल कार्मेनमाता उतरली. साग्रारियोबाई कित्येक वर्षं मिरवणुकीला गेल्या नव्हत्या, कारण त्या मालागाला! मी त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, मला एकटीला चालवत नाही. आल्या. सगळ्या गावासमोरून आल्या. आणि गाव काय म्हणालं असेल? आरासेली पुढं होऊन म्हणाली, या बाई, मालागाहून कधी आलात? त्या म्हणाल्या, आत्ताच. मग वाटेत जो भेटेल तो तेच विचारी, आणि त्या तेच सांगत. सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी आजवर खूप धर्म ऐकला, पण याच्याहून मोठा ऐकला नाही.

मग ते आलं. कसं सांगू? चाळीस-पन्नास कोळी, पांढरे सदरे, आणि त्यांच्या खांद्यावर ती, कडेवर बाळ. वाळू संपली तरी ते थांबेनात. गुडघ्याएवढं पाणी, कमरेएवढं, छातीएवढं. बाया ओरडत होत्या, देखणी! देखणी गं बाई! आणि मग एकदम सगळे गप्प. हजारो माणसं, आणि एक शब्द नाही. ती पाण्यावर उभी आणि समोर तो, टोकापासून टोकापर्यंत. मला वाटायचं, तो मोठा आहे आणि आपण पोरं गमावलेल्या बाया लहान. पण ती त्याच्यासमोर पोर कडेवर घेऊन उभी होती, मागं सरली नाही. माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही. बुडालेल्यांची नावं घेऊन फुलं सोडत होते. पाद्र्यानं विचारलं, आणखी कुणी? मी म्हटलं, इसिद्रो, सेर्रोब्लांकोचा. डोंगरातल्या माणसाचं नाव, पण त्यांनी सगळ्यांनी मिळून घेतलं. सदतीस वर्षांत त्याचं नाव मी कुणाच्या तोंडून एवढं मोठ्यानं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर मी उतरले. एका बाजूला कासिल्दा, एका बाजूला साग्रारियोबाई, बुटांसकट. सुनवायचे ते दोन शब्द मी इतकी वर्षं जपून आणले होते. पाणी पायाशी आलं आणि ते शब्द मला आठवेनात. लाट मागं गेली तशी टाचेखालची वाळू ओढली गेली. इसिद्रो लहान असताना मी चुलीपाशी उभी असले की मागून परकर ओढायचा, भूक लागली म्हणून. तसंच. अगदी तसंच. मी म्हटलं, थांब रे, आलेच.

एवढंच बोलले. बारमधल्या टाळक्यांना सांग, पैज कुणीच जिंकलं नाही.

येत्या गुरुवारच्या बसनं येतोय. तोवर रोज सकाळी मी पाय भिजवायला जाणार. साग्रारियोबाई आता दार उघडं ठेवतात, आणि सप्टेंबरात आपल्याकडं येताहेत, त्यांना डोंगर बघायचेत. त्यांनी काल रात्री बोटाएवढे मासे तळले. मी एक खाल्ला. मग आणखी खाल्ले.

येताना बर्फात घालून थोडे आणतेय. माळ्यावरची मोठी कढई कुणाकडून तरी खाली काढून घे आणि राखेनं नीट घासून ठेव. गंज असेल, पण ती भक्कम आहे, निघेल.

पायाला जप. तुझ्यावर माझा जीव आहे, तो तसाच आहे.

खालची फुली माझी.

✕
आई